हाताची घडी, तोंडावर बोट!

शाळा चांगली कोणती, असा सवाल गांवच्या पारावर बसलेल्या चार शहाण्यांस टाका. चौघेही एकमुखानें सांगतील कीं, जिच्या पडवीवरून जातांना मास्तरांच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज कानीं पडत नाहीं ती. पोरें रांगेंत बसलेलीं, नजर फळ्यावर, हाताची घडी, तोंडावर बोट. वाहवा, काय ही शिस्त! तपासणीला आलेले साहेबही हाच देखावा पाहून संतुष्ट होतात, 'वर्ग शांत व शिस्तबद्ध' असा शेरा वहींत ओढतात आणि चहा पिऊन गाडींत बसतात. आमचें म्हणणें स्पष्ट आहे. ही शिस्त नव्हे, ही मुकेपणाची पेरणी आहे; आणि तिचें पीक बहुजनसमाज पिढ्यान्‌पिढ्या कापीत आला आहे.

जें पोर शेळ्या वळतांना, पाणवठ्यावर, बैलगाडीच्या साट्यांत बसून दिवसभर बडबडतें, 'हें कां, तें कसें' असें विचारून आईबापांस भंडावून सोडतें, तें सहाव्या वर्षीं शाळेंत जातें आणि महिन्याभरांत त्याची वाचा बसते. सायंकाळीं घरीं आलें कीं तीच वाचा पुन्हां फुटते. म्हणजे रोग पोराच्या जिभेंत नाहीं, शाळेच्या हवेंत आहे. 'अ' अननसाचा हा शाळेचा दुसरा धडा. पहिला धडा तोंडावर बोट ठेवण्याचा. आणि तो इतका पक्का बसतो कीं पुढें चाळीस वर्षें उतरत नाहीं. ग्रामसभेंत मागें भिंतीला टेकून बसणारा, बँकेच्या खिडकीपुढें 'साहेब म्हणतील तसें' म्हणून सही करणारा, दवाखान्यांत आपलें दुखणें पुरतें न सांगतांच चिठ्ठी घेऊन बाहेर पडणारा माणूस कोणत्या शाळेंत तयार झाला, ह्याचा कधीं कोणीं शोध केला आहे काय?

आमच्या वाचकांपैकीं ज्यास ही अतिशयोक्ति वाटत असेल त्यानें एक दिवस आपल्या गांवच्या शाळेच्या खिडकीखालीं अर्धा तास बसावें. घड्याळ नसेल तर मोबाईल असतोच. कागदावर दोन घरें पाडावीं. गुरुजी अगर बाई बोलल्या कीं एका घरांत रेघ, मूल बोललें कीं दुसऱ्या घरांत रेघ. आणि मूल बोललें म्हणजे काय बोललें तेंही कान देऊन ऐकावें. 'शिवाजीमहाराजांचा जन्म शिवनेरी किल्ल्याऽऽ' असें म्हणून गुरुजी थांबतात. चाळीस कंठांतून 'वऽऽर' असा गजर होतो. 'समजलें कां?' 'होऽऽ.' 'कोणाला कांहीं शंका?' वर्ग चिडीचूप. 'मग वह्या काढा.' ह्या 'वर'ला आणि ह्या 'हो'ला जर विद्यार्थ्यांचें बोलणें म्हणावयाचें, तर मांडवांत अक्षता टाकणाऱ्या सर्वांनींच मंगलाष्टकें म्हटलीं असेंही म्हणावें लागेल!

हें गाऱ्हाणें एकट्या महाराष्ट्राचें नाहीं. अमेरिकेंत नेड फ्लँडर्स नांवाच्या संशोधकानें वर्गांत बसून दर ३ सेकंदांस एक खूण करण्याची रीत काढली. त्याच्या तक्त्यांत १० घरें. ७ शिक्षकाच्या बोलण्याचीं, २ विद्यार्थ्यांच्या बोलण्याचीं आणि १ शांततेचें अगर गोंधळाचें. घरांची ही वांटणीच पाहा म्हणजे वर्गांत कोणाचा अंमल चालतो तें कळेल. १९७० सालीं त्याचा मोठा ग्रंथ निघाला. त्याच्या मोजणीचा गोषवारा दोन-तृतीयांशाचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. वर्गांतल्या वेळापैकीं दोन-तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असतें. त्यांतला दोन-तृतीयांश वेळ शिक्षक बोलतो. आणि शिक्षकाच्या त्या बोलण्याचाही दोन-तृतीयांश भाग सांगणें, हुकूम सोडणें व रागें भरणें ह्यांत खर्ची पडतो. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठांतील शिक्षणशास्त्राच्या मंडळींनीं त्याच सुमारास ही मोजणी आपल्या इकडे आणली. ज्या बडोदें संस्थानांत सयाजीरावांनीं १८९३ सालीं अमरेलींत आणि १९०६ सालीं संस्थानभर शिक्षण सक्तीचें करून मुलें शाळेंत आणलीं, तेथेंच पुढें शाळेंत आलेलीं मुलें बोलतात कीं नाहीं ह्याची मोजदाद व्हावी, हें योग्यच झालें.

आतां शेतकऱ्याचा साधा हिशोब करूं. ३५ मिनिटांचा तास. त्यांत बोलण्याचा वेळ सुमारें २३ मिनिटें. त्यांतली एक-तृतीयांश मुलांची बाजू, म्हणजे पावणेआठ मिनिटें. वर्गाचा पट ४०. वांटणी करा, एका मुलाच्या वाट्यास १२ सेकंदही पुरते येत नाहींत! एवढ्यांत चिलीमसुद्धां पेटत नाहीं, आणि आम्ही म्हणतों कीं पोरगें शाळेंत शिकतें आहे.

बरें, ही वांटणी तरी समान होते काय? पुढच्या बाकावरचीं चार-पांच मुलें ठरलेलीं असतात. ज्यांच्या घरीं पुस्तक आहे, ज्यांचा बाप साहेबांशीं बसून बोलतो, त्यांचे हात आधीं वर जातात, गुरुजींचीही नजर तेथेंच जाते. मागच्या रांगेंतली ऊसतोड्याची पोर, पारध्याचें पोर, घरीं गोरमाटी अगर कोरकू बोलणारें मूल वर्षावर्षांत एकदांही आपण होऊन बोलत नाहीं, आणि त्याची नोंद कोठेंही होत नाहीं. हजेरीच्या वहींत तें 'हजर' असतें. शरीर हजर, वाचा गैरहजर! मुलींची गोष्ट तर विचारूंच नका. ज्या मुलींस घरीं 'हळू बोल' म्हणून दटावितात, त्यांच्या गप्प बसण्यालाच शाळेंत 'गुणी मुलगी' असें बक्षीस मिळतें.

मेरी बड रो ह्या अमेरिकन विदुषीनें १९७० नंतरच्या वर्षांत वर्गांतलीं ध्वनिमुद्रणें तपासून एक फार बोलकी गोष्ट दाखविली. सवाल टाकल्यावर शिक्षक उत्तरासाठीं सरासरी एकच सेकंद थांबतो. तेवढ्यांत उत्तर आलें नाहीं कीं दुसऱ्याला विचारतो, नाहींतर स्वतःच सांगून मोकळा होतो. तेंच थांबणें ३ सेकंदांवर नेलें असतां मुलांचीं उत्तरें लांब होतात, अधिक मुलें बोलतात, जीं कधीं बोलत नव्हतीं तीं बोलूं लागतात आणि उलट प्रश्नही विचारतात. फक्त दोन सेकंद! पैसा नको, इमारत नको, शासन निर्णय नको. आणि ह्यापुढची गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. ज्यास शिक्षक हुशार समजतो त्याच्यासाठीं तो अधिक थांबतो. ज्यास 'ढ' समजतो त्याच्यासाठीं कमी. ज्यास विचार करावयास जास्त वेळ हवा त्यासच कमी वेळ! तहानलेल्याला ओंजळ आणि तृप्ताला घागर, असा हा न्याय आहे, आणि तो करणाऱ्यास आपण तो करीत आहों ह्याचा पत्ताही नसतो.

समजा, एवढेंही असून मागच्या रांगेंतलें मूल धीर करून उठलें. ढग कसे होतात, असा सवाल आहे. मूल म्हणतें, 'गुरुजी, उन्हानं पानी वर जातं, अन् तिथं गार झालं का ढग हुतो.' उत्तर सोळा आणे बरोबर. गुरुजी म्हणतात, 'पानी नाहीं, पाणी म्हण! आणि हुतो काय? होतो!' वर्ग खदखदां हंसतो. मुलानें बाष्पीभवन सांगितलें. गुरुजींनीं फक्त 'ण' ऐकला. हें मूल पुन्हां तोंड उघडील काय? अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, झाडी, कोणत्याही बोलींतलें मूल घ्या. त्याच्या पहिल्या वाक्यावरच ज्याचा शेंदरी गोळा पडतो, तें दुसरें वाक्य मनांतच ठेवतें. प्रमाण मराठी शिकवूं नये असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. अर्ज, खरेदीखत, कोर्टाचा कागद ह्याच भाषेंत असतात आणि ती न येणें म्हणजे दुसऱ्याच्या हातीं मान देणें, हें आम्ही पुरतें जाणतों. परंतु आधीं उत्तर घ्या, मग 'ण' द्या! 'बरोबर, पाणी वर जातें आणि गार होऊन त्याचा ढग होतो' असें गुरुजींनीं तेंच वाक्य आपल्या तोंडानें एकदां म्हटलें म्हणजे मुलाची अब्रूही राहते आणि भाषाही कानावर पडते.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करितांना जोतीराव फुले यांनीं मागणी केली कीं, प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्य तितके शेतकरी वर्गांतून तयार करावे. असा शिक्षक मुलांत मोकळेपणानें मिसळेल, त्यांच्या गरजा जाणील आणि वेळ पडल्यास नांगराचें रुमणें अगर सुताराचा वांकस हातीं धरावयास लाजणार नाहीं, हा त्यांचा मुद्दा. ती मागणी आज पुष्कळ अंशीं पुरी झाली आहे. गांवोगांव शिकविणारे कितीतरी गुरुजी आणि बाई शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या घरांतूनच आलेल्या आहेत. म्हणून हा दोष आतां परक्यावर ढकलून आपल्याला नामानिराळें होतां येत नाहीं. पोथी सांगणारा बदलला, पण पोथी सांगण्याची रीत बदलली नाहीं! वर उच्चासन, खालीं श्रोते. वरून सांगावें, खालून माना डोलवाव्या. ज्याचा बाप त्या उच्चासनापुढें हात जोडून बसत होता तोच मुलगा आतां त्या आसनावर बसून समोरच्यांस तोंडावर बोट ठेवावयास सांगतो, हें पाहून आम्हांस हंसावें कीं रडावें तें कळत नाहीं.

येथें कांहीं पंडितमहाशय पुढें सरसावून म्हणतील कीं, आमच्या प्राचीन परंपरेंत गुरुशिष्यांचे संवाद भरपूर आहेत, उपनिषदें म्हणजे प्रश्नोत्तरेंच कीं! असतील. पण त्या प्रश्नोत्तरांच्या वर्तुळांत बसावयास जागा कोणाला होती, तें एकदां सांगून टाकावें. आणि गार्गीनें याज्ञवल्क्यास एकामागून एक प्रश्न विचारले तेव्हां, फार विचारशील तर डोकें गळून पडेल, अशी तंबी तिला मिळाली, तेंही बृहदारण्यकांतच आहे. आम्हांस संवादाचा दाखला पाहिजे असेल तर इतकें लांब जाण्याचें कारण नाहीं. १८७३ सालचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ उघडावा. तो सबंध ग्रंथ धोंडिबा आणि जोतीराव ह्यांच्या सवाल-जवाबांतून चालतो. धोंडिबा शंका काढतो, अडवितो, पुन्हां विचारतो. जोतीरावांना व्याख्यान देतां येत नव्हतें म्हणून त्यांनीं हा घाट निवडला असें कोणी म्हणणार नाहीं! सत्यशोधक जलशांनींही हेंच केलें. फडावर रात्र रात्र सवाल-जवाब रंगविणारा, कलगी-तुऱ्याच्या झगड्यांत भल्याभल्यांस निरुत्तर करणारा हा समाज आहे. त्याच्या पोरांस शाळेंत बोलतां येत नाहीं, हें आम्ही कसें मान्य करावें?

आणि मुलांस बोलूं दिलें म्हणजे काय होतें त्याचाही दाखला घरचाच आहे. फुले दांपत्याच्या शाळेंत शिकणारी मुक्ताबाई नांवाची मांग समाजांतली चौदा वर्षांची मुलगी. १८५५ सालीं तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध 'ज्ञानोदयां'त छापून आला. जिच्या जातीच्या माणसास रस्त्यानें मोकळेपणीं चालण्याची बंदी, ती शाळेंत जेमतेम तीन वर्षें बसते आणि साऱ्या समाजास जाब विचारते. तोंडावर बोट ठेवून घेणाऱ्या शाळेंतून मुक्ताबाई निघाली नसती. पुढें १९४५ सालीं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनीं बोर्डीला बालशिक्षणाचें काम मांडलें, तें पुढें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. वारल्यांचीं मुलें गुरें राखावयास जात म्हणून त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. कोल्हापुरांत लीलाताई पाटील ह्यांनीं १९८५ सालीं सृजन आनंद विद्यालय काढलें, तेथेंही मुलांचा अनुभव आणि मुलांचा प्रश्न ह्यांवरच शिकविण्याची उभारणी होती. म्हणजे ही कांहीं परदेशांतून आणलेली चैन नव्हे.

आतां आक्षेप. पहिला आक्षेप नेहमींचा: 'मुलांना बोलत बसविलें तर पोर्शन कसा पुरा होणार?' आमचा उलट सवाल असा कीं, पोर्शन पुरा होतो म्हणजे कोणाचा पुरा होतो? गुरुजींचा! गाडी मुक्कामावर पोंचली, उतारू मागच्याच स्टेशनांत राहिले. अशा गाडीच्या वक्तशीरपणाचें कौतुक कशाला?

दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिलें पाहिजे. पट मोठा, चाळीस-पन्नास मुलांना एकेकाला बोलावयास उभें केलें तर दिवस पुरणार नाहीं. बरोबर. पण एकेकानेंच बोललें पाहिजे आणि तें गुरुजींकडे तोंड करूनच बोललें पाहिजे, हा नियम कोणीं केला? सवाल फळ्यावर लिहा आणि सांगा, 'शेजाऱ्याशीं पांच मिनिटें बोला.' त्या पांच मिनिटांत प्रत्येक मुलाच्या वाट्यास अडीच मिनिटें, म्हणजे १५० सेकंद येतात. वर आम्ही काढलेले १२ सेकंद आठवा. सबंध तासांत जें मिळत नव्हतें त्याच्या बारा पटींहून अधिक पांच मिनिटांत मिळालें, आणि गुरुजींचे ३० मिनिटें शिल्लक राहिलीं! गलका होईल. होऊं द्या. बाजारांत गलका असतो म्हणून कोणी बाजार बंद करीत नाहीं. गुरुजींनीं बाकांमधून फिरावें, कान द्यावा, कोठें चुकतें आहे तें हेरावें आणि मग फळ्याकडे येऊन तेवढेंच बोलावें. आणि पटाचीच अडचण असेल तर लहान पटाच्या शाळा जपावयास नकोत काय? अठरा मुलांची वाडीवरची शाळा म्हणजे प्रत्येकास बोलावयास मिळण्याची जागा. पण २०२३ सालीं सरकारनें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले! जेथें गर्दी आहे तेथें म्हणावयाचें गर्दींत मुलांस बोलवितां येत नाहीं. जेथें गर्दी नाहीं ती शाळा परवडत नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, अडाणी घरांतल्या मुलांजवळ बोलावयास आहे तरी काय? ह्या आक्षेपाचा आम्हांस सर्वांत अधिक संताप येतो, म्हणून त्याला जरा सविस्तर उत्तर देतों. क्षेत्रफळाचा धडा घ्या. नेहमींची रीत अशी: 'लांबी गुणिले रुंदी', तीन वेळां म्हणा, पांच उदाहरणें सोडवा. मुलें सोडवितात आणि पुढच्या वर्षीं विसरतात. आतां गुरुजींनीं आल्याबरोबर असा सवाल टाकला: 'गुंठा म्हणजे केवढी जागा?' पाहा, कोणते हात वर येतात! पुढच्या बाकावरचे नव्हेत, मागच्या रांगेंतले. एक म्हणेल, आमचा बा पावलांनीं मोजतो. दुसरा म्हणेल, मोजणीवाले आले तेव्हां ३३ फुटांची साखळी टाकली होती. तिसरी मुलगी म्हणेल, चाळीस गुंठ्यांचा एकर. गुरुजींनीं म्हणावें, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोन केला तर त्यांत फूट-फूट चौकोन किती बसतील? मुलें रेघा मारतील, भांडतील, चुकतील आणि १०८९ वर येतील. चाळिसांनीं गुणा, ४३५६० झाले, हा एकर. गणित पुस्तकांतून उठून रानांत गेलें.

पण एवढ्यावर थांबलें तर काम अर्धें राहील, आणि येथेंच गुरुजींची खरी गरज आहे. गुरुजींनीं दोन रानें फळ्यावर काढावीं. एक १० बाय १०, दुसरें १५ बाय ५. भोवतीं बांध घालावयाचा तर दोन्हींस ४०. मुलांस विचारा, दोन्ही रानें सारखींच काय? बहुतेक मुलें 'हो' म्हणतील. बोलूं द्या, पटवूं द्या एकमेकांस. मग मोजायला लावा: एक १००, दुसरें ७५! बांध तेवढाच आणि रान चौथ्या हिश्श्यानें कमी! वर्ग आतां आपण होऊन विचारील, 'असं कसं गुरुजी?' हा प्रश्न उगवल्यावर गुरुजींनीं दहा मिनिटें बोलावें, खुशाल बोलावें. त्या दहा मिनिटांतला एकही शब्द वायां जाणार नाहीं. कारण परिमिति आणि क्षेत्रफळ हा भेद मुलें आपसांत कितीही बोललीं तरी त्याला नांव आणि रीत सांगणारा जाणता लागतोच. भाऊबंदकीच्या वांटणींत बांध दाखवून रान गिळणारे कमी नाहींत. ज्याला 'असं कसं?' विचारतां आलें तो वांचला.

म्हणून आम्ही बोलण्याचा तोल म्हणतों; गुरुजींचें तोंड बांधा असें म्हणत नाहीं. अलीकडे दुसऱ्या टोंकाचीही एक साथ आली आहे. २०१५ सालीं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' निघाला, ज्ञानरचनावाद हा शब्द खेड्यापाड्यांत पोंचला, वर्गांच्या फरशा रंगल्या. कांहीं ठिकाणीं मुलांचीं तोंडें खरोखर उघडलीं. सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटाच्या शाळा पाहावयास राज्यभरचे शिक्षक लोटले ते उगीच नव्हे. पुष्कळ ठिकाणीं मात्र फरशी रंगली आणि तोंडें होतीं तशींच राहिलीं. कोठें कोठें तर असाही समज पसरला कीं शिक्षकानें बोलणेंच पाप, मुलें गोट्या-काड्यांतून आपोआप शिकतात. हें तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांचीं स्वतःचीं मुलें घरीं आईबापांच्या तोंडून दिवसभर पुस्तकी भाषा ऐकतात आणि संध्याकाळीं शिकवणीच्या क्लासला जातात. आमच्या वाडीवरच्या मुलीला गोष्ट रंगवून सांगणारें, नवा शब्द देणारें, कविता तालासुरांत म्हणून दाखविणारें, चुकलें तर 'येथें चुकलें, कां तें असें' म्हणून समजावणारें माणूस दिवसभरांत एकच भेटतें, तें म्हणजे तिचे गुरुजी. त्यांनींच मौन धरिलें तर तिनें कोणाकडे पाहावें? शिक्षकाचें चांगलें, नेमकें, तयारीचें बोलणें हाही बहुजनांच्या मुलांचा हक्क आहे. आम्हांस नको आहे ती पुस्तक वाचून दाखविण्याची, दटावण्याची आणि स्वतःच्या प्रश्नाचें स्वतःच उत्तर देण्याची बडबड.

ह्या नव्या मताच्या प्रशिक्षणवर्गांचा थाट तर पाहण्यासारखा असतो. दीडशें शिक्षक एका सभागृहांत कोंबलेले, व्यासपीठावर साहेब, पडद्यावर चित्रें, आणि सकाळीं दहापासून सायंकाळीं पांचपर्यंत एकच माणूस बोलतो. विषय कोणता? 'वर्गांत शिक्षकानें कमी बोलावें'! शेवटीं विचारतात, 'कोणाला कांहीं शंका?' दीडशें शिक्षक चिडीचूप. मग चहा.

आणि येथेंच खऱ्या रोगाची नाडी सांपडते. ज्या गुरुजींस केंद्राच्या बैठकींत तोंड उघडतां येत नाहीं, ज्यांनीं 'हें परिपत्रक अव्यवहार्य आहे' असें म्हटलें कीं नोटीस येते, जे निवडणुकीच्या याद्या, पोषण आहाराचा हिशोब आणि रोजची ऑनलाइन माहिती ह्यांच्या ओझ्याखालीं मान खालीं घालून आहेत, त्यांनीं आपल्या वर्गांत मुलांस मोकळें बोलूं द्यावें अशी अपेक्षा कशी करावी? साहेबानें गुरुजींस गप्प केलें, गुरुजींनीं मुलांस गप्प केलें. उतरंडींतल्या सर्वांत खालच्या गाडग्यावर सगळ्यांचा भार! शिक्षकास शिव्या देऊन मोकळें होणाऱ्यांत आम्ही नाहीं. पण वरच्यानें दाबलें म्हणून खालच्यास दाबावयाचें, ही रीत आमच्या समाजानें फार सोसली आहे, आणि ती पुढें चालविण्यास आमच्याच गुरुजींनीं हातभार लावूं नये, एवढें सांगण्याचा आम्हांस अधिकार आहे.

कायद्यानें तर हें केव्हांच सांगून ठेविलें आहे. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २९ व्या कलमांत मूल भय, धक्का आणि चिंता ह्यांपासून मुक्त असावें आणि त्यास आपलें मत मोकळेपणानें मांडावयास साह्य व्हावें असें स्पष्ट लिहिलें आहे. म्हणजे मुलाचें बोलणें ही गुरुजींची मेहेरबानी नव्हे, तो कायद्यानें दिलेला हक्क आहे. त्याच कायद्यानें प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेस व्यवस्थापन समिती दिली, तींत तीन-चतुर्थांश सभासद आईबापच असावे आणि निम्म्या स्त्रिया असाव्या असा नियम केला. ह्या समितीच्या सभेंत काय चालतें? मुख्याध्यापक इतिवृत्त वाचतात, रंगरंगोटीचा आणि गणवेशाचा ठराव होतो, आईबाप सह्या करून घरीं जातात. शंका कोणालाच नसते!

आमची सूचना अशी कीं, पुढच्या सभेस जातांना आईबापांनीं एकच मागणी न्यावी. प्रत्येक वर्गांत मुलांच्या नांवांची एक यादी लावावी आणि आठवड्यांत ज्या मुलानें आपण होऊन एकदां तरी प्रश्न विचारला त्याच्या नांवापुढें गुरुजींनीं टिंब द्यावें. गुण नकोत, बक्षीस नको, पाटी लावून जाहिरात तर नकोच. शनिवारीं ज्यांच्यापुढें टिंब नाहीं तीं नांवें गुरुजींनीं स्वतःपुरतीं वाचावीं आणि सोमवारीं त्यांच्या शेजारीं जाऊन बसावें. समितींतल्या दोन आयांनीं महिन्यांतून एकदां वर्गांत मागें बसून दोन घरांत रेघा ओढाव्या. लिहितां वाचतां येत नसलें तरी रेघ ओढतां येतेच.

जे गुरुजी व ज्या बाई हा प्रयोग करतील त्यांनीं आपला अनुभव आम्हांस अवश्य लिहून कळवावा. फसला असेल तर कां फसला तेंही लिहावें. आमचें म्हणणें ज्यांस मान्य नाहीं त्यांचीं पत्रेंही आम्ही काटछांट न करितां छापूं. मात्र तीं दोन पानांहून मोठीं नसावींत. दीडशें ओळींचें प्रवचन आल्यास आम्ही तें मुलांस मोठ्यानें वाचून दाखवूं आणि तीन सेकंद थांबून त्यांचें मत विचारूं.